सातशे तीनची कंप्लेंट

श्रुतिकाच्या यादीत त्या सोमवारी अकरावी कंप्लेंट आली, आणि अकरावी कंप्लेंट हमखास डोकं खाणारी असते, हा तिचा चार वर्षांचा अनुभव. 'वायफाय चालत नाही. पाताडे, ७०३.' जोगेश्वरी पूर्वेची पुनर्वसनातली इमारत, आणि लिफ्ट अर्थातच बंद. तिनं खांद्यावर हत्यारांची बॅग टाकली आणि सात मजले चढली. श्रावणातली भुरभुर चालू होती, रेनकोटाचं पाणी पायरीपायरीवर ठिबकत होतं. दार उघडलं ते एका उंच, जरासा वाकून उभ्या राहणाऱ्या तरुणानं. त्यानं तिच्याकडे बघितलं, मग तिच्या मागे जिन्यात बघितलं... टेक्निशियन अजून यायचाय की काय म्हणून.

"मीच आहे," ती म्हणाली. "मागे कोणी नाही."

तो कानापर्यंत लाल झाला. बाजूला सरकला, आणि सरकताना त्याची नजर तिच्या चष्म्यावर अडली. पावसानं काचा पार धुरकटल्या होत्या. त्यानं खिशातून मऊ पिवळं फडकं काढलं आणि नुसता हात पुढे केला. श्रुतिकानं का कोण जाणे, चष्मा काढून दिला. अनोळखी माणसाच्या हातात चष्मा द्यायचा म्हणजे आंधळं होऊन उभं राहायचं, पण दिला खरा. त्यानं काचा पुसल्या, दांडीचा स्क्रू नखानं फिरवला आणि परत दिला. अंधेरीच्या एका चष्म्याच्या दुकानात तो काचा घासायचं काम करतो, नाव नितेश, हे तिला त्यानंतर कळलं.

काम मात्र दोन मिनिटांचं निघालं. त्याच्या फोनवर स्पीड बघितला, झकास होता. मग कंप्लेंट कसली, असं ती विचारणार, तोच आतल्या कॉटवरून आवाज आला.

"तो फोन तेचो. माझो ह्यो."

कॉटवर एक म्हातारे गृहस्थ बसले होते. डोळे उघडे, पण नजर कुठेच नाही. हातात तळव्याएवढा जुना प्लेअर, गाणी ऐकायचा, कडेला बटणं असलेला. हे नितेशचे वडील, दशरथ पाताडे. गिरणीत साचे चालवले, संपानंतर मिळेल ते काम केलं, आणि या सगळ्या काळात भजनी बुवा म्हणून नाव राखलं. साखरेनं आठ वर्षांपूर्वी डोळे नेले आणि यंदा जानेवारीपासून मूत्रपिंडं. सोमवार, बुधवार, शुक्रवार सकाळी डायलिसिस. या दिवशी नितेश दुपारी चारनंतर दुकानात जायचा, आणि मालक तेवढं खपवून घेत होता, त्याच्यापुढे एक तास नाही.

बुवांचं म्हणणं सरळ होतं. गावाला बुधवारपासून हरिनाम सप्ताह बसणार. सात दिवस, सात रात्री भजन अखंड, आणि प्रत्येक वाडीला वाटून दिलेला पहारा. त्यांच्या वाडीचा पहारा गुरुवारी दुपारी बारा ते तीन. बावन्न वर्षांत हा पहारा त्यांनी एकदाही चुकवला नव्हता. गिरणीत पगार कापला गेला तरी नाही, बायको बाळंतपणाला टेकलेली असतानाही नाही. यंदा डायलिसिस सोडून कोकणात जाणं शक्य नव्हतं. गावच्या पोरांनी देवळातून इंटरनेट रेडिओवर भजन ऐकवायचं ठरवलं होतं. गुरुवारी दुपारी नितेश दुकानात, घरात बुवा एकटे. नितेशच्या फोनची गुळगुळीत काच त्यांच्या बोटांना कळत नव्हती. हा प्लेअर कळत होता.

श्रुतिकानं कंपनीचा नियम सांगितला. राउटरपासून फोनपर्यंत आमची जबाबदारी, गिऱ्हाइकाच्या जुन्या वस्तूंची नाही. आता तेवढे चार आकडे सांगा. कंप्लेंट नोंदवली की गिऱ्हाइकाला फोनवर चार आकडे सांगतात, ते टेक्निशियनला दिले की कंप्लेंट बंद. बहात्तर तासांत बंद नाही झाली, की टेक्निशियनच्या नावावर लाल खूण. तिच्या नावावर त्या महिन्यात दोन खुणा होत्या आणि तिसरी लागली की हा एरिया जाणार, असं सुपरवायझर शिवदासनं बजावून ठेवलं होतं. कंप्लेंट बुवांनी स्वतः आपल्या बटणांच्या फोनवरून केली होती, त्याच दुपारी तीनला. म्हणजे आकडे ठाऊक फक्त त्यांना.

"आमच्या वाडीचो पहारो ऐकाक इलो काय नंबर सांगतलंय," बुवा म्हणाले. "तोवर खंय जावचे नाय ते. माझ्या डोक्यात आसत."

नितेशनं कपाळाला हात लावला. त्यानं बापाला समजावलं, तिची माफी मागितली, पुन्हा बापाला समजावलं. बुवा ढिम्म हलले नाहीत. शेवटी श्रुतिकाच मटकन खाली बसली आणि प्लेअर मागून घेतला. तिला राग आला होता, नाही असं नाही. पण कुडाळची आपली आई अशीच हटून बसते, हे तिला आठवलं आणि राग निम्मा झाला.

प्लेअरला घरातलं वायफाय दिसतच नव्हतं. नवीन राउटर दोन लहरींवर बोलतो, ही जुनी वस्तू त्यातली एकच ओळखते, आणि दोन्हींना एकच नाव दिल्यामुळे ती गोंधळते आहे, हे तिनं नितेशला सांगितलं. राउटरमध्ये शिरून तिनं जुनी लहर वेगळी काढली. नाव काय देऊ म्हणून विचारलं, तर बुवांनी ताबडतोब सांगितलं, पाताडेवाडी. दिलं. प्लेअरनं ते नाव दाखवलं, पासवर्ड घेतला, जोडला गेला. पण रेडिओ लावला तर गोल चक्र फिरत राहिलं, फिरतच राहिलं... आवाज काही येईना. चार वाजून गेले. नितेशला दुकानात उशीर होत होता आणि तो एकदाही घड्याळाकडे बघत नव्हता, हे तिच्या लक्षात आलं.

"उद्या संध्याकाळी येते," ती म्हणाली.

"उद्या मी नसेन," तो म्हणाला, आणि मग घाईघाईनं, "म्हणजे... बाबा असतील."

"काम त्यांचंच आहे ना?"

"हो. त्यांचंच आहे."

मंगळवारी ड्युटी संपवून ती आली. बुवांनी तिचं गाव, वाडी, आईचं माहेर, सगळं विचारून घेतलं. झील, म्हणजे मुलगा, काय करतो तेही सांगितलं, "जगाक चष्मे घालता. बापाक तेवढो मिळाक नाय." हसून सांगितलं, पण ती काही हसू शकली नाही. मग प्लेअर उजेडाकडे धरून तिनं पहिल्यांदा त्याचा पडदा नीट बघितला, आणि कोपऱ्यात तारीख दिसली. एक जानेवारी, दोन हजार दहा.

घ्या. वायफाय ठीक, राउटर ठीक, आणि प्लेअर बिचारा दहा सालात बसलेला. रेडिओचं पलीकडचं दार तारीख तपासून उघडतं. मुदत चुकलेला पास दाखवला की तपासनीस आत सोडत नाही, तसंच हे. आठ वर्षांत ही तारीख कोणी बघितलीच नव्हती. बुवांना दिसत नव्हतं आणि बुवा बोटांनी चालवतात म्हणून नितेशनं कधी पडद्याकडे पाहिलं नव्हतं. तिनं आजची तारीख घातली आणि रेडिओ धाडकन बोलायला लागला. बुवांचा चेहरा असा उजळला, की आकडे मागायचं ती विसरली. आठवण झाली तेव्हा ते म्हणाले, पहारा गुरुवारी.

बुधवारी दोन वाजता नितेशचा फोन. पुन्हा चक्र फिरतंय. सप्ताह सकाळीच बसलाय आणि गावचं काही लागत नाही. बाबा डायलिसिसहून आल्यापासून जेवले नाहीत, हे त्यानं शेवटी सांगितलं आणि लगेच म्हणाला, पण तुम्ही हातातलं काम टाकून येऊ नका. ती हातातलं काम टाकून गेली.

तारीख पुन्हा दहा सालात. तिनं घातली, रेडिओ लागला, देवळातला टाळांचा आवाज खोलीत आला. पण उद्या पुन्हा हे झालं तर? तिनं ठरवलं, आज हलायचं नाही, बघत बसायचं. नितेशनं चहा केला. बुवा अर्धा तास ऐकत बसले, मग जेवायचं म्हणाले आणि अगदी सवयीनं प्लेअरच्या खालच्या कडेचा छोटा खटका नखानं मागे ओढला. कट.

"बुवा, हे काय केलंत?"

"बंद केलंय."

"रोज असंच करता?"

"मगे?" बुवा म्हणाले. "मशीन चालू ठेवन कोण घराक जाता?"

तो खटका बॅटरीच तोडत होता. आतला घड्याळाचा सेल केव्हाच मेलेला. रोज रात्री बुवा गिरणीच्या शिस्तीनं मशीन बंद करून झोपायचे आणि रोज सकाळी प्लेअर दहा सालात जागा व्हायचा. श्रुतिकानं समजावलं, नितेशनं समजावलं. बुवा ऐकेनात. हयातभर पाळलेली शिस्त ती, बंद न करता ठेवलं तर जळेल, आग लागेल, शेजारणीच्या घरी काय झालं होतं, सगळं काढलं त्यांनी. दुसऱ्या दिवशी दुपारी घरात तारीख घालून द्यायला कोणी असणार नव्हतं. आज रात्री खटका ओढला की पहारा गेला, बावन्न वर्षांचा नेम गेला. आणि पुढच्या श्रावणापर्यंत बुवा असतील का, हे नितेशच्या तोंडावर स्पष्ट लिहिलेलं होतं.

श्रुतिका कॉटपाशी खाली बसली.

"बुवा, एक विचारू? सप्ताहात वीणा खाली ठेवतात?"

सप्ताहात वीणा जमिनीला टेकत नाही. एकाचा पहारा संपला की दुसरा पुढे होतो, गळ्यातून गळ्यात, सात दिवस. तिच्या आईनं लहानपणी सांगितलेलं, तेवढंच तिला ठाऊक होतं.

"नाय," ते म्हणाले.

"मग सप्ताह उठेपर्यंत ही वीणा समजा."

त्यांनी प्लेअर दोन्ही हातांत धरला. मग तो तिच्यापुढे केला. तिनं खटका पुढे केला, तारीख घातली, चार्जरची वायर उशाशी नीट लावून दिली. नितेश दाराशी उभा होता. तिला वाटेला लावताना त्यानं तिची बॅग उचलून दिली. तिनं जिन्याकडे बघितलं आणि मुद्दाम बॅगेचा पट्टा सारखा करत राहिली.

गुरुवारी सव्वाबाराला श्रुतिका अंधेरीची कामं सोडून स्कूटर काढून आली. तिला खरं तर आकडे हवे होते, तीन वाजेपर्यंत, असं ती स्वतःला सांगत सात मजले चढली. सहाव्या मजल्यावर मागून धावत येणारी पावलं ऐकू आली. नितेश. मालकाशी भांडून, अर्ध्या दिवसाच्या पगारावर पाणी सोडून. दोघं धापा टाकत ७०३ च्या दारासमोर आले आणि थांबले.

आतून मृदंग येत होता. गावचे टाळ, शे-पन्नास माणसांचा आवाज, आणि त्यावर एक म्हातारा, खरखरीत, पण सुरात चिकटून राहिलेला आवाज. बुवा गात होते.

नितेशच्या हातात किल्ली होती. त्यानं ती खिशात टाकली.

"आत नको जायला," तो हलक्या आवाजात म्हणाला. "त्यांचा पहारा आहे."

दोघं जिन्यात बसले. त्यानं पिवळं फडकं काढलं, तिनं न बोलता चष्मा दिला. पुसताना तो काच उजेडाकडे धरून बघत राहिला.

"डाव्या डोळ्याचा नंबर वाढलाय तुमचा."

"नुसतं बघून कळतं?"

"नाही. तुम्ही माझ्याकडे बघताना डावा डोळा बारीक करता."

"म्हणजे मी तुमच्याकडे किती वेळा बघते, ते मोजता तुम्ही," ती म्हणाली. तो पुन्हा लाल झाला. "आणि ते 'तुम्ही-तुम्ही' सोड आता. जिन्यात बसलोय आपण, ऑफिसात नाही."

"बरं... मोजतो," तो म्हणाला. "तूही मोज."

मग त्यानं मनातलं सांगितलं. वडिलांचे डोळे जात होते त्या वर्षी तो काचा घासायला शिकत होता. सगळ्या जगाचा नंबर काढला आणि घरात लक्ष गेलं तेव्हा उशीर झाला होता. बाबा हसून बोलतात ते त्याला रोज लागतं. श्रुतिकानं तुझी चूक नव्हती वगैरे म्हटलं नाही. ती त्याच्याजवळ सरकून बसली. रेनकोटाचं ओलं कापड त्याच्या बाहीला लागलं आणि त्यानं बाही मागे घेतली नाही.

पावणेतीनला शिवदासचा फोन आला. सातशे तीन बंद कर, तिसरी लाल लागतेय. नितेशनं ऐकलं, उठला, म्हणाला आत जाऊन आकडे विचारतो, अर्ध्या मिनिटाचं काम. तिनं त्याचा हात धरून खाली बसवलं.

"पहारा मोडून? वेडा आहेस का?"

हात धरला तो तसाच राहिला. आत शेवटचा गजर चालू झाला होता. तीन वाजले, फोनवर सातशे तीनची ओळ लाल झाली, तिनं बघितली आणि फोन पालथा ठेवला. तिला त्या क्षणी काही गमावलंय असं वाटेना, याचीच तिला भीती वाटली.

आत गेले तेव्हा बुवा घामानं भिजले होते. प्लेअर छातीशी धरलेला. "झालो पहारो," एवढंच म्हणाले आणि आडवे झाले. तिनं आकडे विचारले नाहीत, त्यांनी सांगितले नाहीत.

शिवदासनं शब्द पाळला. सोमवारपासून श्रुतिकाला मुलुंड दिलं. बोरिवलीच्या घरून रोज मुलुंड, कंबरेची वाट लागली. आकड्यांशिवाय कंप्लेंट बंद होत नव्हती, त्यामुळे रोज सकाळी यादी उघडली की सगळ्यात वर तीच ओळ. पाताडे, ७०३, प्रलंबित. एक फोन केला असता तर काम झालं असतं. पण एकदा आकडे घेतले की त्या घराशी आपला संबंध काय? ती फोन हातात घ्यायची आणि ठेवून द्यायची. नितेशचाही फोन नव्हता. आधी तिला वाईट वाटलं, मग राग आला, मग पुन्हा वाईट वाटलं. गणपती आले, गेले. अनंत चतुर्दशीनंतर पाचव्या दिवशी त्याचा दोन शब्दांचा मेसेज आला, 'बाबा गेले.'

तिनं चार वेळा उत्तर लिहिलं आणि चारही वेळा खोडलं. असल्या गोष्टीला लिहून काय उत्तर देणार? दिवसकार्य आटोपलं असेल असा हिशेब करून रविवारी ती गेली. लिफ्ट चालू झाली होती, तरी जिन्यानंच गेली. दार उघडं होतं. नितेश खिडकीशी बसला होता, डोक्यावरचे केस नुकते उगवू लागलेले. तिला बघून उठला. कॉट भिंतीला लावून उभी केली होती, आणि त्या रिकाम्या जागेकडे बघून श्रुतिकाला रडू आलं. तिनं ते आवरलं नाही. तोही रडला. दोघांनी एकमेकांना पाणी दिलं.

मग काहीतरी बोलायला हवं म्हणून ती म्हणाली, "ते आकडे... कंप्लेंट अजून उघडीच आहे."

नितेशनं डोळे पुसले. "माझ्याकडे आहेत."

"तुझ्याकडे?"

"जायच्या आधीच्या सोमवारी, डायलिसिसच्या खाटेवर सांगितले. आणि म्हणाले, 'फोनार देव नको. ती मागूक इली तरच दी.'" तो थांबला. "त्या गुरुवारी आपण दोघं जिन्यात होतो, ते त्यांना ऐकू येत होतं. रेडिओवर पुढचा पहारा लागला तरी शेवटचा गजर त्यांनी मुद्दाम लांबवला, म्हणाले."

श्रुतिका बघतच राहिली. तीन वाजता लाल झालेली ती ओळ, मुलुंडचे हेलपाटे, रोज सकाळी सगळ्यात वर दिसणारं ते नाव... म्हाताऱ्यानं जाणूनबुजून उघडं ठेवलेलं.

"म्हणून तू फोन केला नाहीस?"

"आधी लाज वाटत होती. माझ्यामुळे तुझा एरिया गेला. मग बाबांनी असं सांगितलं, तेव्हा वाट बघायची ठरवलं."

"आणि मी आलेच नसते तर?"

"उघडी राहिली असती."

तिनं फोन काढला. "सांग."

"चार, सात, शून्य, सहा."

तिनं आकडे घातले. हिरवी खूण आली आणि सातशे तीनची ओळ यादीतून गेली. घरात एकदम फार शांत वाटलं. आता तिच्याकडे सांगायला काही निमित्त उरलं नव्हतं, आणि ते तिनं मोठ्यानं म्हणूनही टाकलं, "झाली बंद. आता मी कामाला आलेली नाही."

नितेश उठला आणि देव्हाऱ्याशेजारच्या फळीवरून प्लेअर घेऊन आला. वायर लावलेली होती, ती त्यानं हळूच काढली. पडदा उजळला. कोपऱ्यात तारीख होती, आजची. सप्ताह उठून महिना होऊन गेला होता, बुवा जाऊनही पंधरा दिवस, पण तो खटका कोणी मागे ओढला नव्हता.

"त्यांनी तो माझ्या हातात दिला," तो म्हणाला. "मी दुकानात गेलो की इथे एकटाच चालू असतो. वीणा एकट्याला नाही धरता येत, श्रुतिका... तू मला आवडतेस. हे जिन्यातच सांगायचं होतं."

"मलाही," ती म्हणाली. "तेव्हापासून."

त्यानं प्लेअर धरलेले हात पुढे केले. तिनं आपले दोन्ही हात त्याच्या हातांखाली नेले आणि प्लेअर घेतला, कुठेही खाली न टेकवता.